आधी हात कुठे सैल सोडायचा ते ठरवा: सोलापुरात काटकसरीचा संसार नव्याने सुरू करणाऱ्या कुटुंबासाठी

काटकसर करायची असे ठरल्यावर बहुतेक कुटुंबे पहिल्याच संध्याकाळी काय काय बंद करायचे याची यादी करतात. दूध अर्ध्या लिटरने कमी, रविवारचे मटण महिन्यातून एकदाच, पेपर बंद, मुलांच्या हातावर पैसे ठेवणे बंद. ही यादी पंधरा दिवस टिकते. मग घरात कुरबुर सुरू होते आणि त्या कुरबुरीवर उतारा म्हणून महिनाअखेरीला कोणीतरी 700 रुपयांचे पार्सल घेऊन दारात उभे राहते. आमच्या घरी हे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी आम्ही प्रश्न उलटा घातला: या घरात कोणत्या गोष्टींवर हात कधीच आखडायचा नाही? त्याचे उत्तर मिळाल्यावर बाकीच्या ठिकाणी हात आवरणे फारसे जड गेले नाही. पुढे जे सांगते आहे ते त्याच क्रमाने सांगते, कारण हा क्रम चुकला तर उरलेल्या युक्त्यांचा उपयोग होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

एक महिना नुसते लिहून काढा

पहिल्या महिन्यात काहीही कमी करू नका. दोनशे पानी वही घ्या, ती स्वयंपाकघरात गॅसच्या कट्ट्याजवळ दोरीने टांगा आणि घरातून बाहेर गेलेला प्रत्येक रुपया ज्याने दिला त्याने त्याच रात्री त्यात लिहावा, एवढाच नियम ठेवा. मोबाइलमधली हिशेबाची ॲप्स वाईट नाहीत, पण ती एकाच्याच खिशात राहतात. वही सर्वांना दिसते, सासूबाईंनाही दिसते, आणि दिसते म्हणूनच ती काम करते. रकाने फार पाडू नका. तारीख, कशाला, किती, आणि कोणी, इतके पुरे.

मोबाइलवरून कोड स्कॅन करून दिलेले पैसे मात्र वहीत उतरवायला माणूस हमखास विसरतो. त्यासाठी दर रविवारी बँकेचे विवरण उघडून आठवड्याचे व्यवहार वहीशी ताडून पाहावेत. आमच्या घरी पहिल्या महिन्यात 20 ते 60 रुपयांच्या दरम्यानचे 71 व्यवहार निघाले. त्यातला एकही खर्च चुकीचा वाटावा असा नव्हता आणि त्यांची बेरीज मात्र महिन्याच्या दुधाच्या बिलाहून जास्त होती. त्या रात्री कोणी कोणाला बोलले नाही. बेरजेने ते काम परस्पर केले.

महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घराने महिन्याची बेरीज करावी. यंत्रमागावर, विडी कारखान्यात किंवा रोजंदारीवर काम करणाऱ्या घरात पैसा आठवड्याच्या हिशेबाने येत असेल तर वहीही आठवड्याचीच ठेवावी, आणि भाडे, वीजबिल, शाळेची फी हे मोठे खर्च चार भागांत विभागून प्रत्येक आठवड्याच्या पैशातून आधी बाजूला काढावेत. अशा घरातली अडचण उधळपट्टीची क्वचित असते. पहिला आठवडा मोकळा जातो आणि चौथ्या आठवड्यात भाडे अंगावर येते, ही ती अडचण.

सैल हाताची यादी

महिना संपला की सर्वांनी एकत्र बसावे. जेवणानंतर, दूरचित्रवाणी बंद करून, आणि शक्यतो पगाराच्या दिवशी नाही, कारण त्या दिवशी प्रत्येकाला आपण श्रीमंत आहोत असे वाटते. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी आणि ज्यावर पैसा वाचवायचा नाही अशा तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात. लहान मुलांनाही चिठ्ठी मिळाली पाहिजे. लिहिता न येणाऱ्यांची चिठ्ठी दुसऱ्याने लिहावी, पण त्यांच्याच शब्दांत.

आमच्या सासूबाईंनी सांगितले ते नातीने लिहिले: "दारात आलेल्याला चहा आणि भाकरी विचारल्याशिवाय पाठवायचं नाही." यजमानांनी पुस्तके लिहिली. मुलीने चित्रकलेचे रंग, मुलाने क्रिकेटची बॅट. मी औषधपाणी लिहिले आणि खाली, धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा पगार. तासभर वाद झाला. बॅट यादीतून गेली, तिच्या जागी "खेळ" हा शब्द आला, आणि शेवटी पाच गोष्टी उरल्या: ताटातले साधे पण पोटभर अन्न, औषधपाणी, शिक्षण व पुस्तके, आला-गेला पाहुणा, आणि आपल्याकडे राबणाऱ्या माणसाचे पैसे वेळेवर. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आणि खाली सर्वांनी सह्या केल्या. सासूबाईंनी अंगठा उठवला.

आपली यादी आमच्यासारखी असण्याचे कारण नाही. एखाद्या घरात दर वर्षीची पंढरीची वारी त्यात येईल, कुठे कुळधर्म, कुठे गावाकडच्या शेतावरचा खर्च. पण यादी पाचाच्या पुढे जाऊ देऊ नये. सगळेच महत्त्वाचे ठरवले की काहीच ठरवले नाही असे होते. शेवटच्या मुद्द्याविषयी माझे मत ठाम आहे. मावशींच्या सुट्टीचे पैसे कापून, किंवा रस्त्याच्या कडेला मेथीच्या चार जुड्या घेऊन बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करून जी बचत होते, तिला काटकसर म्हणू नये. ती आपली ओढाताण दुसऱ्याच्या गळ्यात घालणे आहे.

किंमत विड्यांत मोजण्याची रीत

सासूबाईंनी तीस वर्षे विड्या वळल्या. विडीची मजुरी हजारावर मिळते. तेंदूची पाने भिजवून, कापून, तंबाखू भरून, वळून आणि दोरा बांधून हजार विड्या पुऱ्या करायला त्यांना पहाटेपासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ लागे, आणि कारखान्यात मोजणीच्या वेळी काही विड्या बाद होत त्या वेगळ्याच. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी नव्या पेठेतून साडी घेऊन आले तेव्हा त्यांनी ती हातात घेतली, पदर उलटून पाहिला आणि विचारले, "ही किती हजारांना पडली गं?" मी रुपये सांगितले. त्या म्हणाल्या, "तसं नाही, किती हजार विड्या?" मी हिशेब केला आणि उत्तर सांगायला मला लाज वाटली.

ही रीत कोणत्याही घराला लागू करता येते. समजा हातात येणारा पगार 24,000 रुपये आहे. कामावर जाण्यासाठीच होणारा खर्च, म्हणजे पेट्रोल, बाहेरचा चहा-नाश्ता, कामाचे कपडे, 3,200 रुपये धरा. उरले 20,800. महिन्याला 26 दिवस, आणि जाण्यायेण्यासह रोजचे 10 तास, म्हणजे 260 तास. एका तासाचे खरे मोल 80 रुपये निघते. आता 1,600 रुपयांचे बूट म्हणजे 20 तास, पूर्ण दोन दिवस. ते बूट दोन वर्षे टिकणार असतील आणि पाय दुखायचे थांबणार असतील तर दोन दिवस द्यावेत. तीन महिन्यांत तळ सुटणारे 500 रुपयांचे बूट वर्षात चारदा घ्यावे लागतात, त्यात 25 तास जातात आणि चार वेळा बाजारात जाणे होते ते निराळे. हिशेब घातला की दरवेळी स्वस्तच जिंकते असे नाही, हे मुलांच्या लक्षात लवकर येते. मोठ्यांना वेळ लागतो.

वर्षाची बेगमी: ज्वारी, शेंगा, तिखट, कांदा

सोलापुरात राहून काटकसर करणाऱ्याला या मातीने सर्वांत मोठी सवलत दिली आहे ती धान्याची. इथली ज्वारी रब्बीची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काळ्या रानात पेरतात, जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नवा माल उतरतो त्या दिवसांत, ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा दोन-तीन कुटुंबांनी मिळून पोती घेतल्यास, किराणा दुकानातल्या किलोकिलोच्या दरापेक्षा ती बरीच स्वस्त पडते.

किती घ्यायची याचा अंदाज असा काढावा. आम्ही पाच माणसे, एक वेळ भाकरी आणि एक वेळ पोळी खातो; दिवसाला सुमारे 750 ग्रॅम पीठ लागते, म्हणजे वर्षाला साधारण 275 किलो. मात्र नवख्या कुटुंबाने पहिल्या वर्षी तीन महिन्यांपुरतीच, म्हणजे 70 किलोच्या आत खरेदी करावी, असा माझा आग्रह आहे. कारण साठवण ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि मी ती महाग शिकले. पहिल्याच वर्षी 100 किलो ज्वारी घेतली, दुसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला, आभाळ आठवडाभर झाकोळलेले राहिले, आणि मी घाईने ती तशीच कोठीत भरली. आषाढात झाकण काढले तर वरचा थर हलत होता. सोंडे लागलेली ती ज्वारी चाळून, वाळवून निम्मी वाचली. बाकीची शेजारच्या कोंबड्यांनी खाल्ली.

चूक कुठे झाली ते सासूबाईंनी नंतर दाखवले. ज्वारी कडक उन्हात दोन-तीन दिवस गच्चीवर पातळ पसरून वाळवावी, दिवसातून दोनदा हाताने फिरवावी. वाळली की नाही हे पाहायला दोन दाणे दाढेखाली धरावेत. कट् असा आवाज येऊन दाणा फुटला तर वाळली, दाबला गेला तर नाही. वाळलेली ज्वारी गरम असताना कधीही कोठीत भरू नये, कारण आत वाफ धरते; रात्रभर सावलीत निवू द्यावी. सावलीत सुकवलेला कडुलिंबाचा पाला थराथरात घालावा. एका मोठ्या कोठीपेक्षा 15-20 किलोचे अनेक डबे बरे, कारण एक डबा उघडला तरी बाकीचे बंद राहतात, आणि प्रत्येक डबा गळ्यापर्यंत भरावा, म्हणजे आत हवा कमी राहते. धान्यात ठेवायच्या विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या मात्र घरात आणूच नयेत; त्या वायूने माणसे दगावतात, तिथे पैशाचा विचार करायचा नसतो.

दळण पंधरा दिवसांपुरतेच आणावे. ज्वारीचे पीठ फार दिवस राहिले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि चव कडवट होते. मग ते पीठ बाजूला पडते आणि कोणीतरी म्हणते, "आज बाहेरूनच मागवू." शिळ्या पिठामुळे हॉटेलचे बिल झाल्याचे आमच्या वहीत दोनदा नोंदलेले आहे.

उरलेल्या भाकरीचे काय करायचे हे सोलापूरकराला शिकवावे लागत नाही. सकाळी कांदा-मिरचीची फोडणी देऊन कुस्करा करावा. शिवाय पातळ थापून, विस्तवाच्या मंद धगीवर सुकवलेली कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. पुण्या-मुंबईच्या प्रवासात दहा कडक भाकरी, शेंगाचटणी आणि एक कांदा बरोबर असला की पाच माणसांचा रेल्वेतला खर्च चहापुरता उरतो.

शेंगदाण्यांपेक्षा शेंगा घेऊन ठेवणे चांगले, कारण टरफलात दाणा जास्त दिवस राहतो. सोललेले दाणे उन्हाळ्यात लवकर खवट होतात. चटणीसाठी लागतील तेवढेच सोलावेत, आणि ती खलबत्त्यात दाण्याला तेल सुटेपर्यंत कुटावी. मिक्सरमध्ये भुगा होतो, चटणी होत नाही. हे माझे मत नाही, सर्व सोलापूरचे आहे. सुरकुतलेले, काळपट किंवा बुरशी आलेले दाणे निवडून फेकून द्यावेत. अशा दाण्यांतले विष यकृताला अपाय करते आणि ते भाजण्याने जात नाही, म्हणून इथे "थोडेसेच तर आहेत" असे म्हणू नये.

वर्षाचे तिखट एप्रिल-मेमध्ये करावे. मिरची देठ काढून वाळवून कांडपावर न्यावी, आणि काळ्या तिखटाचा मसाला घरून भाजून न्यावा.

कांद्याविषयी मात्र एक सावधगिरी सांगते. सोलापूरच्या बाजार समितीत हिवाळ्यात कांद्याची मोठी आवक होते, भाव कोसळतो आणि नवखा माणूस हर्षभराने पोते उचलून आणतो. तो लाल कांदा टिकाऊ नसतो; महिन्याभरात मऊ पडतो, कोंब येतात, पाणी सुटते. साठवायचा तो उन्हाळी कांदा, जो मार्चच्या पुढे निघतो. तो निवडून, पात पूर्ण वाळलेला, पातळ मानेचा घ्यावा आणि हवेशीर जागी पसरून ठेवावा. हिवाळ्यातला स्वस्त कांदा आठवड्यापुरता घ्यावा आणि भजी खावीत.

भाजीसाठी लक्ष्मी मंडईत दिवस मावळताना गेले तर निवड कमी मिळते पण दर उतरलेले असतात. यादी नेऊ नये. जे स्वस्त आणि ताजे दिसेल त्यावरून आठवड्याचा स्वयंपाक ठरवावा. "आज वांगीच करायची" असे घरून ठरवून गेलेला माणूस वांग्याला मागेल ती किंमत देतो.

पाणी, ऊन आणि विजेचे बिल

उजनी धरणावर अवलंबून असलेल्या या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे बाहेरून राहायला आलेल्याने आधी मनात धरावे. काही दिवसांआड येणारे पाणी साठवायला टाकी किंवा पिंपे लागतातच, पण साठवणीचा दुसरा खर्च दवाखान्यात भरावा लागतो. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून प्रत्येक पिंपावर घट्ट झाकण किंवा दोरीने आवळलेले कापड असावे, आणि आठवड्यातून एक दिवस, पाणी यायच्या आधी, प्रत्येक भांडे रिकामे करून आतून घासून कोरडे करावे. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी कुंड्यांना, कपड्यांचे शेवटचे पाणी फरशीला, हे बहुतेक घरांत चालतेच.

विजेच्या बिलाबद्दल एक गैरसमज सर्वत्र आढळतो. 100 युनिटांची मर्यादा ओलांडली की सगळ्याच युनिटांना महाग दर लागतो, असे लोक समजतात. तसे नाही. महावितरणच्या घरगुती बिलात 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असे टप्पे आहेत, आणि वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, वाचवलेले प्रत्येक युनिट हे आपल्या सर्वांत महाग टप्प्यातले असते. जुना छताचा पंखा साधारण 75 वॅट घेतो. नवा, कमी विजेत चालणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा दिवसाला 15 तास फिरतो असे धरले तर एका पंख्यामागे महिन्याला सुमारे 20 युनिट वाचतात. आपल्या बिलातल्या वरच्या टप्प्याचा दर, वहन आकार (वीज वाहून आणण्याचा, बिलात वेगळा दाखवलेला आकार) धरून, या 20 ने गुणावा आणि पंख्याची किंमत किती महिन्यांत सुटते ते पाहावे. जो पंखा सर्वांत जास्त फिरतो तोच आधी बदलावा, पाहुण्यांच्या खोलीतला नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो, पण हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उत्तम चालतो. दीड टनाच्या वातानुकूलन यंत्राच्या तुलनेत तो विजेचा अगदी लहान हिस्सा घेतो. त्याला पाणी मात्र लागते, आणि पाणी आठवड्यातून एक-दोनदाच येणाऱ्या घराला हे परवडते का, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या टाकीकडे पाहून द्यावे. आम्ही गच्चीला मार्चमध्ये चुन्याचे दोन हात देतो. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या जाड छताच्या, घरात राहिलेल्यांना स्लॅबच्या घरातली ही उष्णता सोसत नाही. सासूबाई आजही दुपारी जिन्याखालच्या फरशीवर झोपतात.

एका चादरीचे आयुष्य

ज्या गावची चादर देशभर विकली जाते त्या गावात अंथरुण-पांघरुणावर फार खर्च होऊ नये. विणकरांच्या वस्तीतल्या दुकानांत बारीक दोषाचा माल कमी दरात मिळतो. एखादा धागा सुटलेला किंवा किनारीचा रंग हललेला, एवढाच तो दोष असतो. घेताना चादर उजेडात धरावी, वीण घट्ट आहे का पाहावी, आणि ती खरोखर इथेच विणलेली आहे का हे विचारावे, कारण सोलापुरी नावाने दुसरीकडचा मालही विकला जातो. इथे दहा-वीस रुपये जास्त पडले तर आम्ही देतो. पैसा शहराच्या पूर्वभागातल्या विणकरांच्या मागावरच जातो.

आमच्याकडची एक निळी चादर माझ्या लग्नातली आहे. बारा वर्षे ती पांघरली, मग मधोमध विरली तेव्हा उभी कापून कडा आत घेऊन शिवली आणि ती मुलाच्या अंगाखाली गेली. पुढे दोन जुन्या साड्यांमध्ये घालून सासूबाईंनी तिची वाकळ शिवली. त्या वाकळेच्या फाटक्या कोपऱ्यातून निघालेला निळा तुकडा सध्या तव्यावरची भाकरी उलटताना हातात असतो. तिच्यावर यापुढे काही वाचेल असे वाटत नाही, तरी सासूबाईंचे मत वेगळे आहे.

गड्डा, लग्ने आणि मुलांचा खिसा

मुलांना काटकसर शिकवायला जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसारखी शाळा नाही. नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा पाहायला पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते होम मैदानावरच्या पाळण्यांना आणि खेळण्यांना. पूर्वी आम्ही प्रत्येक पाळण्यापाशी नाही म्हणत पुढे जात असू आणि घरी येईपर्यंत सर्वांची तोंडे फुगलेली असत. आता प्रत्येक मुलाला यात्रेच्या आधी 300 रुपये देतो. उरतील ते त्याचे, संपले तर संपले. पहिल्या वर्षी मुलाने पहिल्या अर्ध्या तासात 180 रुपये बंदुकीने फुगे फोडण्यात घालवले, आणि नंतर मोठ्या पाळण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बहिणीकडे खालून पाहत राहिला. मला त्याला पैसे द्यावेसे फार वाटले. दिले नाहीत. दुसऱ्या वर्षी त्याने आधी सगळ्या मैदानाला एक फेरी मारली, प्रत्येक ठिकाणचा दर विचारला आणि मग खिशात हात घातला.

पुस्तके आमच्या सैल यादीत असली तरी सगळी विकत घेतली पाहिजेत असे नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखे जुने ग्रंथालय गावात असताना वाचनाची भूक वर्गणीत भागते. शाळेची पुस्तके वरच्या वर्गातल्या मुलांकडून घ्यावीत आणि आपली खालच्या वर्गाला द्यावीत, तीही चांगल्या अवस्थेत.

लग्नाचा खर्च हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, तरी एवढे सांगते. महात्मा फुले यांनी 1873 साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने कमी खर्चाच्या साध्या विवाहाची वाट याच महाराष्ट्रात घालून दिली, आणि 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस देऊन नोंदणी पद्धतीने लग्न करता येते. अडचण येते ती "लोक काय म्हणतील" याची. त्यावर उपाय म्हणजे लग्न ठरण्याच्या बऱ्याच आधी, मुले शाळेत असतानाच, हा विषय घरात मोकळेपणाने काढणे.

कर्ज, शिल्लक आणि ठेव कुठे ठेवावी

शेकड्याची भाषा वर्षाच्या भाषेत बदलून पाहिल्याशिवाय कोणाकडूनही पैसे घेऊ नयेत. "शेकडा पाच" ऐकायला किरकोळ वाटते; ते महिन्याचे असते, वर्षाचे 60 टक्के झाले. 20,000 रुपयांवर महिन्याला 1,000 रुपये देत राहिले तर 20 महिन्यांत मुद्दलाइतके व्याज जाते आणि मुद्दल जागच्या जागी असते. असे कर्ज डोक्यावर असेल तर बेगमी, पंखे, सगळे बाजूला ठेवून आधी ते फेडावे. त्याहून जास्त परतावा देणारी बचत या गावात नाही.

कर्ज फिटल्यावर पहिले लक्ष्य तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवण्याचे असावे. भिशी लावायला हरकत नाही, तिच्यामुळे शिस्त लागते. पण ती ओळखीच्या माणसांत, लहान रकमेची आणि बुडाली तरी घर हलणार नाही एवढीच असावी. ठेव ठेवताना एक भेद नीट समजून घ्यावा: व्यापारी आणि सहकारी बँकांतल्या ठेवींना, व्याज धरून, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थांतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. पतसंस्थेचा पाव-अर्धा टक्का जास्त व्याजदर आमच्या एका नातलगांना फार महाग पडला.

मुलगी 10 वर्षांच्या आतली असेल तर टपाल कार्यालयात सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. वर्षाला किमान 250 रुपये भरले तरी ते चालू राहते, 15 वर्षे भरायचे आणि खाते 21 वर्षांनी परिपक्व होते. नियमित औषधे लागत असतील तर डॉक्टरांना मूळ औषधाचे नाव लिहून देण्याची विनंती करावी आणि जनऔषधी केंद्रात किंमत पाहावी. फरक पाहून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. डॉक्टरांना न विचारता गोळी बदलणे किंवा अर्धी करून घेणे, ही काटकसर आमच्या यादीच्या दुसऱ्याच ओळीत निषिद्ध आहे.

पाडव्याची बैठक

गुढीपाडव्याला आम्ही नवी वही सुरू करतो आणि जुनीचे पहिले पान मोठ्याने वाचतो. पाचांपैकी कोणती गोष्ट वर्षभरात खरोखर सांभाळली गेली आणि कोणती नुसती लिहिलेली राहिली, हे वहीतले आकडे सांगतात. गेल्या पाडव्याला असे दिसले की पुस्तकांवर वर्षात जेमतेम 900 रुपये गेले होते आणि मोबाइलच्या डेटावर त्याच्या सातपट. यजमान काही वेळ गप्प बसले. मुलीने सुचवले की पुस्तके खोडून तिथे डेटा लिहावा, निदान खरे तरी होईल. सासूबाईंनी पुस्तकांची बाजू घेतली, ज्यांना वाचता येत नाही त्यांनी. शेवटी ती ओळ तशीच ठेवून समोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे, आणि येत्या पाडव्यापर्यंत ते पुसायचे की ओळ खोडायची, हे ठरायचे आहे.